अंघोळ, औषध आणि आडनाव : बापांच्या वाट्याचे प्रश्न

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. बायको बाळंतपणाला माहेरी होती, अडीच महिन्यांचं बाळ घेऊन परवा परत आली. बाळ माझ्याकडं आलं की रडतं. आई म्हणते, ‘पुरुषाला काय जमतंय, दे इकडं.’ बायको घरी विड्या वळते, तिला दिवसातले चार तास मोकळे हवेत. त्या चार तासांत मी नेमकं काय करू?
— एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : आधी एक गैरसमज काढून टाका. बाळ तुम्हाला नाकारत नाही. अनोळखी चेहरा पाहून रडणं साधारण सहा ते आठ महिन्यांपासून सुरू होतं. अडीच महिन्यांचं बाळ रडतं ते भीतभीत धरल्यामुळं, मानेला आधार नसल्यामुळं किंवा नव्या वासामुळं. आणखी एक कारण घरोघरी दिसतं : बाळ किरकिरायला लागलं की मगच ते बापाकडं सोपवलं जातं. ते आधीच रडवेलं असतं आणि नाव तुमचं होतं. म्हणून दूध पिऊन झालेलं, नुकतं जागं झालेलं बाळ मागून घ्या.

कामावरून आलात की आधी अंघोळ आणि धुतलेले कपडे. साच्यावरचा सुताचा बारीक भुगा केसांत आणि शर्टात बसतो, तो बाळाच्या नाकात नको. विडी ओढत असाल तर घरात नाहीच, आणि ओढून लगेच बाळ उचलायचं नाही. तंबाखूचा मावा खात असाल तर चूळ भरून, हात साबणानं धुऊनच बाळ घ्या. मग उघड्या छातीवर बाळ उभं धरा, एक हात बुडाखाली, दुसरा मानेमागं, वरून दुपटं. रोज अर्धा तास असं केलं की दहा-पंधरा दिवसांत फरक दिसतो.

आता काम. बाळाची अंघोळ तुमच्या नावावर करून घ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती सकाळीच व्हायला हवी असा काही नियम नाही. रातपाळीच्या आठवड्यात दुपारी दोनपर्यंत झोपा, चार वाजता अंघोळ घाला. नळाला रोज पाणी नसतं, म्हणून बाळाची बादली वेगळी, झाकणाची ठेवा.

टॉवेल, लंगोट, झबलं आधी हाताशी ठेवा. पंखा बंद, दार लोटलेलं. बादलीत आधी थंड पाणी, त्यात गरम मिसळायचं. उलट केलं आणि मध्येच कुणी हाक मारली तर बादलीत नुसतं कढत पाणी उरतं, भाजण्याचे प्रकार असेच होतात. पाणी कोपरानं पाहा, कोमट लागलं पाहिजे, कारण कामानं घट्टे पडलेल्या हाताला खरा चटका कळत नाही. डावा हात मानेखालून घालून बाळाचा पलीकडचा दंड धरा. पाणी पायांवर, मग पोटावर, पाठीवर, डोकं शेवटी. डोकं आधी भिजवलं तर बाळ लवकर गारठतं. सगळं पाच ते दहा मिनिटांत आटपा. पुसताना मानेच्या, काखेच्या आणि जांघेच्या घड्या कोरड्या करा, तिथं ओल राहिली की लाल चट्टे उठतात.

तेल लावायचं असेल तर खोबरेल, हलक्या हातानं. नाकात, कानात, बेंबीत तेलाचा थेंब नको. धुरी नको, तिचा धूर छातीत जातो. घरातली वडीलधारी यावर वाद घालतील. घालू द्या.

दूध पाजल्यावर बाळ दहा-पंधरा मिनिटं खांद्याशी उभं धरून पाठीवर हलक्या थापट्या द्या. दह्यासारखं थोडं दूध बाहेर आलं तर काळजी नाही. हिरवी उलटी झाली तर मात्र थेट दवाखाना. निजवताना नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर. मोहरीची उशी, लोड, गोधडीचे थर काढून टाका. आणि एक गोष्ट रातपाळीवाल्यांनी पाठच करावी : डोळे मिटत असतील तर बाळ छातीवर घेऊन आडवं व्हायचं नाही. दमलेल्या माणसाच्या हातातून बाळ सुटतं किंवा अंगाखाली जातं.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. सोलापूरच्या मे महिन्यातही वरचं पाणी नको, मध नको, गुटी नको. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर पाणी पुरतंय असं समजा. तुमच्या चार तासांत एक-दोनदा पाजावं लागणारच. तेव्हा बायकोनं हात कोपरापर्यंत साबणानं धुवावेत आणि तंबाखूच्या कामाचा वरचा कपडा बदलावा. विड्यांचं सूप आणि तंबाखू बाळाच्या खोलीत नकोच. आत्ता ते एका जागी आहे, पण सहा-सात महिन्यांनी रांगायला लागलं की सांडलेली चिमूट सरळ तोंडात जाते. लाळ गळणं, उलट्या, अंग पांढरं पडणं दिसलं तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता तडक रुग्णालय गाठा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे घरचे उपाय न करता लगेच डॉक्टर. लस दिल्यावर ताप येऊ शकतो, त्याचं औषध किती द्यायचं ते लस घेतानाच लिहून घ्या. लसीच्या तारखाही तुम्हीच सांभाळा. दीड महिन्याची माहेरी झाली का ते कार्डावर पाहा. अडीच महिन्यांची आत्ताच आहे, पुढची साडेतीन महिन्यांची.

रडणं थांबेना आणि डोकं तापायला लागलं, तर बाळ पाठीवर निजवून पाच मिनिटं दाराबाहेर उभे राहा. बाळ रागानं हलवायचं नाही, एकदासुद्धा नाही. मान कमजोर आणि डोकं जड असल्यानं आत मेंदूत रक्तस्राव होतो.

प्रश्न : बाप झाल्यावर रजा मिळते का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर 15 दिवस, दोन हयात मुलांपर्यंत. ती प्रसूतीच्या 15 दिवस आधीपासून ते सहा महिन्यांच्या आत घ्यायची, राहिली तर बुडाली. खासगी नोकरीत बापाला रजा देण्याची मालकावर कायद्याची सक्ती नाही. रजा घेताना बारशाचा दिवस धरू नका, तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं. बायको माहेराहून परत येते तो पहिला आठवडा धरा.

प्रश्न : मी पुण्यात नोकरीला आहे. शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं येतो, रविवारी रात्री परत जातो. मुलगा चार वर्षांचा. फोनवर बोलत नाही, मी आलो की अंगाला चिकटतो, आणि सोमवारी घरात नुसता दंगा. बायको म्हणते, तू येऊन सगळी शिस्त मोडून जातोस.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बायकोचं म्हणणं बरोबर दिसतं. चोवीस तासांसाठी येणारा बाप पाहुण्यासारखा वागतो : खाऊ, मोबाईल, उशिरापर्यंत जागरण. सोमवारचं बिल तिच्या नावावर फाटतं. झोपायची वेळ आणि मोबाईलची मर्यादा तुम्ही आल्यावरही तीच ठेवा.

जाताना काय करता? मुलगा झोपल्यावर गुपचूप निघत असाल तर दंग्याचं मूळ तिथं आहे. झोपलं की पप्पा गायब होतात, हे त्याला पक्कं कळलंय. मग तो झोपायलाच तयार होणार नाही. जागा असताना सांगून निघा. रडेल, रडू दे. भिंतीवर कॅलेंडर लावून रोज रात्री एका दिवसावर फुली मारायची आणि शनिवारावर गाडीचं चित्र, म्हणजे त्याला वाट पाहण्याचं माप मिळतं.

फोनवर चार वर्षांचं मूल पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, आणि ‘जेवलास का, शाळेत काय केलं’ याला ‘हो’ आणि ‘काही नाही’ हीच उत्तरं येणार. आधी बायकोकडून दिवसभरातली एक गोष्ट काढून घ्या आणि तिथून सुरू करा : ‘आज डब्यातली शेंगाचटणी कुणी संपवली?’ वेळ रोज एकच ठेवा. एखादी गोष्ट तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, ती तो झोपताना ऐकेल.

पुण्यात बसूनही घरातली काही कामं पूर्ण तुमची होऊ शकतात : शाळेची फी, प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज, डॉक्टरांची वेळ, लसींच्या तारखा. रविवारी नखं आणि केस. बायकोलाही एक सांगा, ‘पप्पा येऊ दे, मग बघ’ ही धमकी बंद. त्या धमकीनं तुम्ही आठवड्यातून एकदा येणारे हवालदार होता.

प्रश्न : माझं वय 34. नऊ वर्षांची मुलगी असलेल्या विधवा बाईंशी लग्न केलं आहे. मुलगी मला ‘काका’ म्हणते. घरचे म्हणतात, तिला ‘पप्पा’ म्हणायला लावा आणि शाळेत माझं नाव लावा. दोन्ही कुटुंबं हिंदू आहेत.
— एक वाचक, बाळे

उत्तर : ‘काका’ चालू द्या. नऊ वर्षांच्या मुलीला वडील आठवत असतात, आणि तुम्हाला पप्पा म्हणणं तिला त्यांच्याशी बेइमानी वाटू शकतं. त्यांचा फोटो भिंतीवर राहू दे, तिच्या आजी-आजोबांकडं जाणं चालू ठेवा, शक्य असेल तर तुम्हीच पोहोचवा. निदान पहिलं वर्ष रागावणं आईकडं. तुमच्याकडं रोजचं एक ठरलेलं काम असू द्या, उदाहरणार्थ शाळेत सोडणं. दुचाकीवर चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्यानं लागतं, तिच्या मापाचं तिला निवडू द्या. जवळ घेण्याची घाई नको, ती येईल तेव्हा. तिला कपडे बदलायला आडोसा आणि आपल्या वस्तूंना एक कुलपाचा कप्पा द्या. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत नेलंत तर पाळण्यात कोण बसणार, हे तिनं ठरवावं.

नावाचं म्हणाल, तर लग्नानं तुम्ही तिचे कायदेशीर वडील होत नाही. तिचे वारसही तुम्ही नाही आणि तुमची वारस ती नाही. त्यासाठी दत्तकविधान लागतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 प्रमाणे दत्तक जाणाऱ्या मुलाला 15 वर्षं पूर्ण झालेली नसावीत, आणि पुरुष मुलगी दत्तक घेत असेल तर दोघांच्या वयात किमान 21 वर्षांचं अंतर हवं. तुमचं 25 आहे. दत्तकपत्र नोंदणीकृत करा, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असलेला नोंदणीकृत दस्त न्यायालय खरा धरून चालतं. दुसरा रस्ता बाल न्याय कायद्याचा, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरून, तिथं आदेश जिल्हाधिकारी देतात. कोणता धरायचा ते वकिलाला कागद दाखवून ठरवा. दत्तक जाण्याआधी जे तिच्या नावावर आलंय, म्हणजे वडिलांच्या मालमत्तेतला हिस्सा, तो दत्तकामुळं जात नाही. हे तिच्या आजी-आजोबांना आधी सांगा, निम्मा विरोध तिथंच मावळेल.

दत्तक लांबत असेल तर तोवर मृत्युपत्र करून ठेवा, दोन साक्षीदारांच्या सहीनं. शाळेतलं नाव मात्र तिला विचारल्याशिवाय हलवू नका.

प्रश्न : नवरा मुलांचं सगळं करतो, पण प्रत्येक गोष्ट मला विचारून. ‘कुठला फ्रॉक? औषध किती?’ विचारायला मी असतेच, मग माझं काम कमी कुठं झालं?
— एक वाचक, पूर्व भाग

उत्तर : तुम्ही म्हणता ते खरं आहे, हात त्याचे आणि डोकं तुमचंच चालतंय. दोन कामं निवडून पंधरा दिवसांसाठी पूर्ण सोडा, शाळेचा डबा आणि संध्याकाळची अंघोळ म्हणा. त्या वेळी शक्यतो घराबाहेर पडा, कारण समोर असलात की तो विचारणार आणि तुम्ही सांगणार. फ्रॉक उलटा, वेणी तिरपी, डब्यात सलग तीन दिवस बटाटा, याला एक शब्द बोलायचा नाही.

औषध त्यातून वगळा. पॅरासिटामॉलच्या लहान मुलांच्या थेंबांत साधारणपणे एका मिलीलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतं, पातळ औषधात पाच मिलीलिटरमध्ये 120, 125 किंवा 250. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर डोस दोन ते चार पट होतो. बाटलीवर तारीख, मुलाचं वजन आणि डॉक्टरांनी सांगितलेले मिलीलिटर चिकटपट्टीवर लिहून लावा, मापाची नळी तिलाच रबरानं बांधा, आणि वजन वाढलं की चिकटपट्टी बदला. मग त्याला विचारायची गरज पडणार नाही, आणि तापाच्या रात्री तुम्हीही झोपू शकाल.