टोमॅटोची पाने पिवळी पडतात तेव्हा

प्रश्न : पुण्यात आमच्या गच्चीवर 12 इंची कुंड्यांमध्ये टोमॅटोची सहा रोपे आहेत. माती, गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात निम्मे कोकोपीट आहे. ऑक्टोबरमध्ये लावलेल्या रोपांना फुले भरपूर आली, पहिली फळे सुपारीएवढी झाली आणि त्याच सुमारास खालची पाने पिवळी पडू लागली. आता पिवळेपणा निम्म्या रोपापर्यंत चढला आहे. दुपारी शेंडे माना टाकतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. कोणी युरिया सुचवतात, कोणी एप्सम सॉल्ट. नेमके काय द्यावे?

उत्तर : आधी काहीही देऊ नये, उलट पाणी थांबवावे. कोकोपीटचा वरचा थर उन्हाने तासाभरात फिका आणि भुसभुशीत दिसू लागतो, पण बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घातले तर खाली गार चिखल लागतो. आपल्याकडे असेच झाले असावे, असा माझा कयास आहे. कुंडीत सतत पाणी राहिले की मुळांना हवा मिळत नाही, ती काम सोडून देतात आणि भोवती पाणी असूनही रोप दुपारी कोमेजते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि दुखणे वाढते. कुंडीखाली ताटली असल्यास ती आजच काढावी, तळाची भोके काडीने मोकळी करावीत आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी. यापुढे दोन इंच खोलवर कोरडे लागेल तेव्हाच, पण तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. काही दिवसांत कुंडी नुसती कलती करून पाहिली तरी वजनावरून अंदाज येऊ लागतो.

खालचीच पाने आधी पिवळी का पडतात, हे समजले की पुढचे सोपे जाते. नत्र कमी पडले की रोप ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्यांकडे आणि फळांकडे पाठवते. त्यामुळे फळधारणेच्या वेळी तळाची दोन-चार पाने पिवळी होऊन गळणे स्वाभाविकच आहे. निम्मे रोप पिवळे होणे मात्र भुकेचे लक्षण आहे. कोकोपीटमध्ये स्वतःचे पोषण जवळजवळ नसते आणि एकदाच मिसळलेले गांडूळखत फळांवर आलेल्या रोपाला पुरत नाही. मुळे सावरल्यावर, म्हणजे साधारण आठवड्याने, शेंगदाणा पेंड तीन दिवस पाण्यात भिजवून त्या पाण्यात दहापट साधे पाणी मिसळावे आणि दर दहा दिवसांनी प्रत्येक कुंडीला तांब्याभर द्यावे. युरिया कुंडीत टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन; चिमूटभर जास्त झाला तरी मुळे करपतात आणि रोप फळे सोडून पाल्यातच वाढते.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तरच त्याचा उपयोग होतो. अशा वेळी लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम विरघळवून फवारावे. गरज नसताना घातलेले मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येते आणि फळांचे बूड काळे पडू लागते. हेच शिरांचे जाळे शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसले, तर कमतरता लोहाची समजावी.

पिवळ्या पानांवर तपकिरी ठिपके आहेत का, तेही उजेडात धरून पाहावे. पाण्यात खडा टाकल्यावर उमटतात तशी एकात एक वर्तुळे ठिपक्यात दिसली, तर तो करपा हा बुरशीचा रोग आहे. मातीवरचे पाणी उडून तो पानांवर चढतो. अशी पाने काढून कचऱ्यात टाकावीत, खतात नव्हे. मातीपासून वीतभर उंचीपर्यंत खोड मोकळे ठेवावे, मातीवर वाळका पालापाचोळा पसरावा आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी द्यावे.

एकदा पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, म्हणून जुन्या पानांकडे पाहून निराश होऊ नये. दोन आठवड्यांनी शेंड्याची नवी पाने गडद हिरवी आणि रुंद आली, तर उपाय लागू पडला असे समजावे.

प्रश्न : आमच्या रोपाची नवी पानेच पिवळसर, बारीक आणि वर वळलेली येतात, वाढही खुंटली आहे. कोणते खत कमी पडते?

उत्तर : हा खताचा प्रश्न नाही. ही लक्षणे पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या लीफ कर्ल या विषाणूजन्य रोगाची आहेत आणि लागण झालेले रोप बरे होत नाही. जिवापाड जपलेले रोप उपटताना वाईट वाटते, पण शेजारची रोपे वाचवायची असतील तर ते आजच पिशवीत बांधून काढावे. उरलेल्या रोपांच्या पानांखाली संध्याकाळी निंबोळी तेल (लिटरला 5 मिली, सोबत द्रव साबणाचे काही थेंब) फवारावे आणि पिवळे चिकट सापळे टांगावेत. पुढच्या वेळी बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने विकसित केलेला, या रोगाला प्रतिकारक असलेला ‘अर्का रक्षक’ हा वाण लावावा आणि पहिला महिनाभर रोपांवर बारीक जाळी धरावी.