शिकागोतला कढीपत्ता का झडतोय?

प्रश्न: आमच्या आगरात कढीपत्त्याचं झाड आहे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलंय, खत कधी घातलं नाही तरी अख्खी वाडी डहाळ्या नेते. लेक शिकागोला असते, तिचं रोप घरातच कुंडीत आहे. उन्हाळ्यात छान होतं, डिसेंबरपासून पानं पिवळी पडून झडतायत. मी तिला रोज पाणी आणि अधूनमधून आंबट ताक घालायला सांगितलंय. मे महिन्यात तिकडे जाणार आहे, इथला एखादा फुटवा मुळासकट नेऊ का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: काकू, ताक आधी बंद करायला सांगा, आणि रोजचं पाणी त्याच्याही आधी.

गुहागरात थंडी म्हणजे पहाटे शाल घेण्यापुरती, झाड वर्षभर वाढतं आणि जांभ्याच्या मातीत पाणी थांबत नाही. तिकडे 10 अंशांच्या (म्हणजे लेकीच्या हिशेबात 50 फॅरेनहाइट) खाली गेलं की कढीपत्ता वाढच थांबवतो, आणि घरात हीटर असला तरी रात्री खिडकीच्या काचेजवळ चांगलंच गार असतं, त्यात डिसेंबरचा दिवस जेमतेम 9 तासांचा. ऊन नाही म्हणून झाड पाणी ओढत नाही, ते कुंडीत साचतं, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात आणि आपल्याला वाटतं तहानलंय बिचारं, की अजून एक तांब्या!

खोड नखाने जरासं खरवडून बघायला सांगा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, सगळी पानं गेली तरी टाकू नका. वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी, खालच्या ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं. दक्षिणेची खिडकी सगळ्यात बरी, ती नसेल तर ग्रो लाइट (रोपांना उन्हाऐवजी लावायचा दिवा) घ्यावा, पैसे वाया जात नाहीत. हीटरच्या कोरड्या हवेत पानांखाली बारीक कोळी होतात, जाळी दिसली तर रोप सिंकमध्ये धरून धुवायचं. खत नवी पालवी दिसल्यावर, शेंडेही तेव्हाच खुडायचे. रात्री 10 अंशांच्या वर राहायला लागल्या की बाल्कनीत, पण आधी आठवडाभर सावलीत.

ताकाचं म्हणाल तर जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, आपल्याकडे त्याने फार फरक पडतो असं मला वाटत नाही. बंद घरात मात्र वास आणि चिलटं नक्की.

फुटवा अजिबात नेऊ नका. अमेरिकेत बॅगेतून कढीपत्त्याची ताजी पानंसुद्धा नेता येत नाहीत, रोप तर लांबच. हे झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातलं, त्याच्यावर सायला नावाची बारीक कीड असते आणि ती संत्र्याच्या बागा मारणारा ग्रीनिंग रोग पसरवते, फ्लोरिडात तो 2005 मध्ये सापडला आणि बागाइतदार अजून भोगतायत. एअरपोर्टवर सापडलं तर जप्त होईल, न सांगता नेलं तर वर दंड. दुसरं रोप लागलंच तर तिकडच्या नर्सरीतून, आणि थंडी संपल्यावरच घ्या.