55 एचपीचा नवा ट्रॅक्टर घेऊ, की जुन्याचं इंजिनकाम करू?

प्रश्न: बार्शी तालुक्यात 9 एकर शेती आहे. 42 एचपीचा जुना ट्रॅक्टर धूर टाकतो, ऑइल खातो. गावातला मिस्त्री इंजिनकामाचे 1 लाख 40 हजार सांगतो. शोरूमवाले जुना 2 लाखांना धरून 55 एचपीचा नवा 10 लाखांत देतायत. 1 लाख रोख, 7 लाख कर्ज. भाड्याच्या कामातून खर्च वजा जाता वर्षाला लाखभर उरतात. काय करावं?

उत्तर: इंजिनकाम करा.

7 लाख, 12 टक्के व्याज, 5 वर्षं धरली तर सहामाही हप्ता 95 हजारांच्या आसपास. वर्षाचे 1 लाख 90 हजार. भाड्याचा लाख त्यात गेला तरी 90 हजार सोयाबीन-तुरीतून काढावे लागतील, तेही पाऊसपाणी झालं तर. मोठ्या ट्रॅक्टरला काम जास्त मिळतं म्हणतात. गावात आधीच किती ट्रॅक्टर उभे आहेत, ते एकदा मोजा.

मला खरी काळजी दुरुस्तीची वाटते. 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि कॉमन रेल (संगणकाच्या हुकमाने इंजिनात डिझेल सोडणारी यंत्रणा), सेन्सर, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आले. तुमच्या मिस्त्रीकडे पाने आहेत, कंपनीचं सॉफ्टवेअर नाही. ऐन पेरणीत इंजिनचा दिवा लागला तर लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत वाफसा निघून जाईल. भाडं बुडेल ते बुडेल, वर आपल्याच रानात दुसऱ्याचा ट्रॅक्टर पैसे देऊन घालायचा. कोटेशनात हा खर्च कुणी लिहीत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 1 जानेवारी 2024 पासून कायदाच आहे: शेतीयंत्रांचे सुटे भाग, मॅन्युअल, सॉफ्टवेअर कंपनीने शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही द्यायचं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची यंत्रंही घेतली, पोर्टल काढलं. कंपन्यांना बांधून घेणारा तसा कायदा मात्र झालेला नाही. पोर्टलच्या भरवशावर कर्ज काढू नका.

एक अट आहे. पैसे घालण्याआधी गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक तपासून घ्या. तेही गेलं असेल तर जुन्यात पैसा ओतण्यात अर्थ नाही. मग 50 एचपीच्या आतला, साध्या डिझेल पंपाचा (कॉमन रेल नसलेला) नवा बघा. बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला तर वॉरंटी राहते का, हे शोरूमकडून लेखी घ्या. तोंडी ‘काही होत नाही साहेब’ चालणार नाही.

नव्यासाठी ठेवलेला रोख लाख इंजिनकामाला लावा, सुट्या भागांची पक्की बिलं मागा. वरच्या 40 हजारांसाठी पीककर्जाला हात लावू नका. तुरीचे पैसे येईपर्यंत मिस्त्री थांबतो का विचारा. बहुतेक थांबतात.