‘डाउन द हॉल’ म्हणजे खालच्या मजल्यावर का? इमारतीच्या आतला पत्ता इंग्रजीत कसा सांगतात आणि कसा समजून घ्यायचा?

नाही, मजला तोच. ‘डाउन द हॉल’ म्हणजे याच पॅसेजमधून सरळ पुढे. इथल्या ‘डाउन’चा उंचीशी काही संबंध नाही. आपण उभे आहोत तिथून लांब जाणारी दिशा, एवढाच त्याचा अर्थ. खालचा मजला सांगायचा असता तर समोरच्याने ‘डाउनस्टेअर्स’ किंवा ‘वन फ्लोअर डाउन’ म्हटलं असतं. ‘स्टेअर्स’ किंवा ‘फ्लोअर’ कानावर पडलं नाही, तर जिन्याकडे वळू नका. ‘ओव्हर’चंही असंच आहे. ‘ओव्हर बाय द विंडो’ म्हणजे खिडकीच्या वर नव्हे, तिकडे खिडकीपाशी.

गोंधळाचं दुसरं कारण ‘हॉल’ हा शब्द. वन बीएचकेमधला आपला हॉल म्हणजे बैठकीची खोली. अमेरिकेत ‘हॉल’ किंवा ‘हॉलवे’ म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेला पॅसेज. ब्रिटिश घरात ‘हॉल’ म्हणजे मुख्य दारातून आत आल्याबरोबर लागणारी अरुंद जागा. ऑफिसातल्या पॅसेजला तिथे ‘कॉरिडॉर’ म्हणतात. तिथला विद्यार्थी ‘आय लिव्ह इन हॉल्स’ म्हणाला, तर तो विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो.

आता दारं मोजण्याकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि ती लवकर लक्षातही येत नाही. आपण मराठीत सोडलेली दारं मोजतो, इंग्रजीत जिथे पोचायचं ते दार धरून मोजतात. ‘टू डोअर्स डाउन’ म्हणजे आपल्या दाराशेजारचं पहिलं, त्यापुढचं दुसरं, आणि ते दुसरं दार आपलं. मध्ये एकच दार राहतं. मराठीत हे ‘एक दार सोडून’ झालं. उलट ‘दोन दारं सोडून’ असं सांगायचं असेल तर इंग्रजीत ‘थ्री डोअर्स डाउन’ म्हणावं लागेल. हिशेब सोपा आहे: मराठीतल्या आकड्यात एक मिळवा की इंग्रजी आकडा येतो. अगदी लगतचं दार असेल तर आकडा नकोच, ‘नेक्स्ट डोअर’ पुरे. दिवसांनाही हाच नियम लागू होतो. आपलं ‘एक दिवस सोडून’ हे त्यांचं ‘एव्हरी सेकंड डे’. ब्रिटनमध्ये मात्र मराठीच्या वळणाचा एक जुना प्रयोग आजही ऐकू येतो: ‘नेक्स्ट डोअर बट वन’, म्हणजे एक घर सोडून पलीकडचं.

‘सेकंड डोअर ऑन युअर लेफ्ट’मध्ये मोजणी वेगळी असते. इथे फक्त डाव्या हाताची दारं मोजायची, उजवीकडची सोडून द्यायची. डावं-उजवं ठरतं ते चालणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेवरून. म्हणून नीट सांगणारा माणूस आधी ऐकणाऱ्याला एका जागी उभं करतो: ‘ॲज यू कम आउट ऑफ द लिफ्ट’, म्हणजे लिफ्टमधून बाहेर पडताना, आणि मग डावं-उजवं सांगतो. ही सुरुवात गाळली की पुढचं सगळं उलटं होऊ शकतं. ‘टर्न लेफ्ट’ म्हणजे वळा. ‘इट्स ऑन द लेफ्ट’ म्हणजे न वळता चालत राहा, ती जागा डाव्या हाताला लागेल. ‘पास्ट द रिसेप्शन’ म्हणजे रिसेप्शन ओलांडून पुढे. ‘थ्रू द डबल डोअर्स’ म्हणजे ते जोडदार उघडून पलीकडे जायचं आहे, बाहेर थांबायचं नाही.

आपल्या ‘समोर’चे इंग्रजीत दोन तुकडे होतात. लिफ्टच्या पुढ्यात कोणी उभं असेल तर ‘इन फ्रंट ऑफ द लिफ्ट’. पण मध्ये पॅसेज आणि पलीकडे खोली असेल तर ‘ऑपझिट द लिफ्ट’, किंवा अमेरिकेत ‘अक्रॉस फ्रॉम द एलेव्हेटर’. समोरासमोरच्या दोन खोल्यांसाठी ‘अक्रॉस द हॉल’. कोपऱ्याच्या बाबतीत मराठीचा उपयोग होतो: खोलीच्या कोपऱ्यात ते ‘इन द कॉर्नर’, रस्त्याच्या कोपऱ्यावर ते ‘ऑन द कॉर्नर’, आणि वळण घेतल्याबरोबर लागणारं ते ‘अराउंड द कॉर्नर’.

मजल्यांची मोजणी देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच: तळमजला ‘ग्राउंड फ्लोअर’, त्यावरचा ‘फर्स्ट’. अमेरिकेत रस्त्याच्या पातळीचा मजला सहसा ‘फर्स्ट फ्लोअर’च असतो, त्यामुळे तिथला ‘सेकंड’ म्हणजे आपला पहिला. पुण्याहून अमेरिकेत गेलेला माणूस ‘थर्ड फ्लोअर’ ऐकून तीन जिने चढला तर एक मजला जास्त चढेल. दहा मजली इमारतीचा शेवटचा मजला ब्रिटनमध्ये ‘नाइन्थ’, अमेरिकेत ‘टेन्थ’, कारण ‘टेन-स्टोरी’ म्हणताना तळमजला दोन्हीकडे धरतात. अमेरिकेतल्या लिफ्टमध्ये बाहेर पडायच्या मुख्य मजल्याच्या बटणापाशी तारा कोरलेला असतो. गोंधळलात तर तो शोधा. कित्येक इमारतींत 13 आकड्याचं बटणच नसतं, बारानंतर थेट चौदा येतं.

‘टू फ्लाइट्स अप’ ऐकलं तर मात्र पुन्हा विचारून घ्या. ‘फ्लाइट’ म्हणजे पायऱ्यांचा एक सलग टप्पा. जिना मध्ये वळत असेल तर एका मजल्याला दोन टप्पे पडतात. बोलताना बहुतेक जण एक फ्लाइट म्हणजे एक मजला धरतात, पण बांधकामाच्या नकाशात तसं नसतं. ‘हाउ मेनी फ्लोअर्स अप?’ एवढा प्रश्न पुरतो.

बोलताना दोन गोष्टी जपा. ‘इन थर्ड फ्लोअर’ चुकीचं, ‘ऑन द थर्ड फ्लोअर’ बरोबर. मराठीतलं ‘मजल्यावर’ आठवलं की चुकणार नाही. आणि ‘अपस्टेअर्स’मध्ये ‘कडे’ आधीच आलेलं आहे, म्हणून ‘गो टू अपस्टेअर्स’ नको, नुसतं ‘गो अपस्टेअर्स’.

मागच्या बाजूबद्दल विशेष काळजी घ्या. ‘ॲट द बॅक ऑफ द बिल्डिंग’ म्हणजे बहुधा इमारतीच्या आत, मागच्या भागात. ‘बिहाइंड द बिल्डिंग’ म्हणजे बाहेर, इमारतीच्या पाठीमागे. ‘आउट बॅक’ आणि ‘आउट फ्रंट’ही बाहेरच. पार्सलवाल्याला चुकीचा शब्द सांगितला तर दोन मिनिटं वाया जातील. रुग्णवाहिका बोलावताना ती दोन मिनिटं फार मोलाची असतात. म्हणून ब्रिटनमध्ये 999ला किंवा अमेरिकेत 911ला फोन करताना रस्ता आणि इमारतीनंतर याच क्रमाने सांगा: आत यायचं दार, विंग, मजला, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर वळायची बाजू, त्या बाजूचं कितवं दार, आणि दारावरचा आकडा. उदाहरणार्थ, ‘मेन एंट्रन्स, ईस्ट विंग, थर्ड फ्लोअर. टर्न राइट आउट ऑफ द लिफ्ट, सेकंड डोअर ऑन द लेफ्ट, नंबर थ्री-झीरो-फोर.’ अमेरिकेत असाल तर ‘लिफ्ट’च्या जागी ‘एलेव्हेटर’ म्हणा, आणि मजल्याचा आकडा आपल्या सवयीने न सांगता लिफ्टच्या बटणावर असेल तोच सांगा.