कुवेतमध्ये दुसऱ्याच्या व्हिसावरची बाई घरकामाला ठेवावी का?

तुम्ही फोंड्याहून विचारलंय. लेक-जावई कुवेतला, नात चार महिन्यांची, लेकीची रजा संपत आलेली. ओळखीतून एक बाई मिळतेय. तिचा व्हिसा एका कुवेती घरावर आहे, पण ती बाहेर तासांवर कामं करते आणि कफीलची, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाची, काही हरकत नाही असं सांगते. ठेवली तर काय होऊ शकतं?

ठेवू नका. मी कुवेतमधल्या साल्मियात नऊ वर्षं संसार केला, आता पेडण्याला परत आलेय. हीच चूक मी स्वतः केली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याला यात वावगं काही वाटत नाही, कारण आपली सवयच तशी. गोव्यात धुणीभांडी करणारी बाई सकाळपासून चार घरं करते, सातला एकीकडे, नऊला दुसरीकडे. आपण फक्त ती प्रामाणिक आहे ना, एवढंच विचारतो. तीच सवय घेऊन आपण दाबोळीहून विमानात बसतो. कुवेतमध्ये मात्र घरकामगाराचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वेगळा असतो, कलम २० चा. आपले लोक त्याला खादिम व्हिसा म्हणतात. तो एका मालकाच्या नावावर, त्याच्याच घरच्या कामासाठी असतो. त्या घराबाहेर ती दोन तास जरी राबली तरी ते निवास कायद्याविरुद्ध, आणि दोष तिच्याइतकाच काम देणाऱ्यावरही येतो. ५ जानेवारी २०२५ पासून तिथे नवा निवास कायदा लागू झालाय. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कफालतीतला, म्हणजे दुसऱ्याच्या व्हिसावरचा, माणूस कामाला ठेवायला किंवा इकामा नसलेल्याला घरात आसरा द्यायला त्यात स्पष्ट मनाई आहे.

"कफीलची हरकत नाही" हे वाक्य मीही ऐकलं होतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा, की कफील तिच्याकडून दरसाल पैसे घेतो आणि बाहेर काय करायचं ते कर म्हणतो. याला सगळे आझाद व्हिसा म्हणतात. कायद्यात असा व्हिसाच नाही. ती तोंडी परवानगी कुठल्याही कागदावर नसते, आणि पैशांवरून बिनसलं की तोच कफील ती पळून गेली अशी तक्रार देऊन मोकळा होतो. त्या दिवसापासून ती फरार. तुमच्या लेकीला हे कळणारही नाही, कारण बाई रोजच्यासारखीच दारात उभी असेल.

माझ्याकडे येणारी बाई गोदावरीकाठची, आंध्रातली. मी तिला अम्मा म्हणायची. वयाने माझ्यापेक्षा मोठी, हाताला चव, आणि माझ्या मुलाला तिचा इतका लळा की तो तिच्याच हातून जेवायचा. ती मुख्य रस्त्याने कधी यायची नाही. इमारतींच्या मागच्या गल्ल्यांतून यायची, कारण बस स्टॉपवर पोलीस बताका, म्हणजे सिव्हिल आयडी, बघायचे. मला हे माहीत होतं, आणि तरी मी गप्प होते.

एकदा उकळतं तेल तिच्या हातावर सांडलं. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. दवाखान्यात नेलं असतं तर पहिल्यांदा बताकाच मागितला असता. मी फार्मसीतून मलम आणलं, घरीच पट्टी बांधली. तिच्या हातावर तो डाग कायमचा राहिला. तिला डॉक्टरकडे नेलं नाही, याची आठवण मला आजही झोपू देत नाही.

पुढे एका गुरुवारी ती आलीच नाही. फोन बंद. पंधरा दिवसांचा पगार माझ्याकडे, तिची कपड्यांची पिशवी माझ्या कपाटात. कुठे विचारणार? पोलिसांत जावं तर "तुमच्याकडे काय करत होती?" हाच पहिला प्रश्न. तीन आठवड्यांनी तिच्या गावाहून फोन आला. रस्त्यात पकडलं होतं, कफीलने आधीच केस घातलेली, बोटांचे ठसे घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी परत पाठवलं. मी पैसे पाठवले, पिशवी पुढच्या सुट्टीत आणून पोस्टाने पाठवली. पण तिच्या धाकट्या मुलीचं शिक्षण त्याच कमाईवर चाललं होतं, ते थांबलं.

मी त्यातून वाचले, कारण तिने माझं नाव सांगितलं नाही. तुमचा जावई तेवढ्या भरवशावर राहू शकतो का, हे बघा. तिथे हद्दपारीला कोर्टाचा निकाल लागावाच असं नाही, गृहखात्याच्या आदेशानेही ती होते. आणि लेक कलम २२ च्या, म्हणजे कुटुंब व्हिसावर असेल, तर तिचा आणि बाळाचा इकामा जावयाच्या इकाम्यावर टांगलेला असतो. तो इकामा रद्द झाला की तिघांनाही गाशा गुंडाळावा लागतो.

बाईच्या बाजूनेही बघा. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी वेगळा कायदा केला, क्रमांक ६८. दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याची सुट्टी, वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा, नोकरी सुटताना दर वर्षामागे एक महिन्याचा पगार, आणि पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही. किमान पगार ६० दिनार पुढच्या वर्षी ठरला. पण हे सगळं करारातल्या मालकाकडून मिळायचं. तुमच्या लेकीने पगार थकवला किंवा बाई तिच्या घरी घसरून पडली, तर तक्रार करायला तिला तोंडच उरत नाही. तक्रार म्हणजे स्वतःवरच्या गुन्ह्याची कबुली. तुमची लेक कितीही चांगली असली तरी त्या बाईची ही अडचण तिला दूर करता येणार नाही.

मग करायचं काय? जावयाचा पगार अटीत बसत असेल तर त्याने स्वतःच्या कफालतीवर बाई आणावी. भारतातून आणायची तर ती ३० वर्षांवरची हवी आणि भारत सरकारच्या ई-मायग्रेट, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या नोंदणीच्या, व्यवस्थेतूनच यायला हवी, भेटीच्या व्हिसावर आणून नंतर बघू असं नको. वेळ लागतो, खर्चही होतो. तोवर परवाना असलेल्या सफाई कंपनीकडून तासांवर बाई मिळते. तिचा इकामा त्याच कंपनीचा आहे का, ते लेकीने स्वतः बघावं आणि पावती घ्यावी. तान्ह्या बाळाला अनोळखी हातात द्यायचं मन होत नसेल, तर भेटीच्या व्हिसावर तुम्हीच का जात नाही? माझी सासू दोनदा आली होती, आणि ते महिने मी निर्धास्त नोकरी केली.

आणि लेकीने त्या बाईला आधीच ठेवलं असेल, तर काम थांबवताना आजवरचा पूर्ण पगार त्याच दिवशी तिच्या हातात द्यायला सांगा. तिच्यावर केस आहे की नाही हे तिलाही कदाचित माहीत नसेल. तिने भारतीय दूतावासात जाऊन मदत मागावी, तिथे अडकलेल्या बायकांची राहायची सोयही होते. तिथपर्यंतच्या टॅक्सीचं भाडंही लेकीने वेगळं द्यावं.