वाचकांचे प्रश्न : लाईट आली, प्रिंटर गेला!

प्रश्न : रावेरला आमचं केळीच्या व्यापाराचं ऑफिस आहे, दोन कॉम्प्युटर, एक लॅपटॉप आणि सगळ्यांत मिळून एक वायफायवाला प्रिंटर. लाईट जाऊन आली की प्रिंटर 'ऑफलाईन', गाडी भरून उभी आणि बिल्टी (गाडीसोबत जाणारी मालाची पावती) निघेना. टेक्निशियन प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून जातो, काही दिवस चालतं, परत तेच. नवा घेऊ का?

उत्तर : नका घेऊ भाऊ, प्रिंटरला बहुतेक काही झालेलं नाहीये, त्याचा आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलतोय. हा नंबर राउटर देतो, लाईट गेली की दोघंही बंद, परत चालू झाले की कधीकधी वेगळाच नंबर मिळतो आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्याच नंबरवर बिल पाठवत बसतो. ड्रायव्हर परत टाकताना नवा नंबर आपोआप धरला जातो, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

आधी बघून घ्या. प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये नंबर दिसेल, समजा १९२.१६८.१.१४, मग कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (ping) लिहा, स्पेस द्या, हा नंबर टाका, एंटर. रिप्लाय आला म्हणजे लाईन ठीक, आता कॉम्प्युटरवरच प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स (प्रिंट कुठल्या नंबरवर जाते ते) उघडा, तिथे दुसराच नंबर असला तर चोर सापडला! नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही, राउटर नीट चालू झाला की प्रिंटर एकदा बंद-चालू करा.

कायमचा उपाय राउटरमध्ये आहे, डीएचसीपी (नंबर वाटपाच्या) सेटिंगमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथे प्रिंटरचा नंबर पक्का करून टाका, मग तिन्ही मशीनवर त्याच नंबरचा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवा. टेक्निशियनला हेच करायला सांगा, ड्रायव्हर राहू दे म्हणावं.

एकट्या लॅपटॉपवरूनच प्रिंट जात नसेल तर त्याचं वायफाय बघा, लाईट गेल्यावर कुणीतरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडलेला असतो आणि तो तिथेच राहतो, नेट चालतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

आणि हो, दुरुस्ती करायच्या आधी क्यू (अडकलेल्या प्रिंटची रांग) रिकामी करा, नाहीतर घाईघाईत दाबलेल्या सगळ्या प्रिंट एकदम बाहेर येतील अन् गाडीवाल्याच्या हातात एकाच गाडीच्या आठ बिल्ट्या! राउटरला छोटा यूपीएस लावला तरी चालेल, पण लेझर प्रिंटर असेल तर तो त्यावर लावू नका, तेवढा लोड त्याला झेपत नाही.