उन्हातल्या सावलीला किती उजेड द्यावा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वावराच्या धुऱ्यावर पळस आहे. फाल्गुनात दुपारी फोटो काढले की पाकळ्या भडक येतात आणि देठाकडचा भाग नुसता काळा. रिफ्लेक्टर घ्यावाच लागेल का?
— एक वाचक, घाटंजी (यवतमाळ)

उत्तर : गरज नाही. दीड बाय दोन फुटांचा थर्माकोलचा तुकडा पुरेल. पळसाचा पेच दुहेरी असतो. पाकळ्या केशरी, पण त्यांना धरून ठेवणारी निदले गडद तपकिरी आणि मखमली, त्यामुळे पडलेला उजेड ती गिळतात. त्यात खाली काळी जमीन. मुरमाड रस्ता किंवा वाळलेले गवत असते तर खालून थोडा उजेड उसळला असता. नांगरलेल्या काळ्या मातीकडून तेवढाही मिळत नाही.

हाताशी येईल अशी खालची फांदी निवडा. सोबत्याला सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसवा आणि थर्माकोल फुलाच्या थोडा खाली, फूट-दीड फुटावर तिरपा धरायला सांगा. तीन फुटांवर गेला की फरक जेमतेम दिसतो. बहुतेकांचे इथेच चुकते. थर्माकोलवर चकचकीत फॉइल चिकटवू नका, तिच्यामुळे उलट बाजूने दुसरी कडक सावली पडते. फॉइल लावायचीच असेल तर आधी चुरगाळा, मग सपाट करून तिची मंद बाजू वर ठेवा.

किती उजेड पुरे, हे डोळ्यांनी ठरवू नका. स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या छोट्या भागाचाच उजेड मोजणे) लावा आणि आपला तळहात फुलाच्या जागी धरा, एकदा उन्हाकडे, एकदा सावलीकडे. दोन्ही रीडिंगमध्ये तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक आला तर थर्माकोल सरकवत तो दीडवर आणा. एका स्टॉपच्या आत गेलात तर फूल कागदी दिसायला लागते. सावली घालवायची नाही, फक्त तिच्यातला तपशील दिसू द्यायचा आहे.

पळसाला आणखी एक पथ्य आहे. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाच लाल चॅनल फुटलेला असतो, म्हणजे लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन त्यातला तपशील उडालेला असतो, आणि पाकळीवरच्या शिरा गायब होतात. आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम पाहून एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप उतरवा. वारा असेल तर थर्माकोल फांदीला लागू देऊ नका, फूल हलत राहील.

प्रश्न : बोडीच्या काठी चतुरांचे फोटो काढतो. मॅन्युअल फ्लॅश ट्रिगरवर (शटरबरोबर फ्लॅश चमकवणाऱ्या यंत्रावर) लावून शटर १/१००० ठेवले तर फ्रेमच्या एका भागात फ्लॅशचा उजेडच येत नाही. शटर कमी केले तर सगळा फोटो पांढरा होतो.
— एक वाचक, साकोली (भंडारा)

उत्तर : शटरचे दोन पडदे असतात. ठरावीक वेगापुढे पहिला पूर्ण उघडण्याआधीच दुसरा मिटू लागतो, म्हणून फ्लॅश चमकतो त्या क्षणी सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ही हद्द १/२०० किंवा १/२५० असते. शटर तिथेच ठेवा आणि ऊन अ‍ॅपर्चरने (भिंगातल्या झरोक्याने; एफचा आकडा मोठा तितका तो लहान) आवरा. स्वच्छ उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२००, एफ/११ हे सुरुवातीचे गणित. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्या. मागची बाजू मनासारखी आली की मगच फ्लॅश.

तुमच्या फ्लॅशचा गाइड नंबर (पूर्ण ताकदीचे माप; अंतर गुणिले एफचा आकडा) आयएसओ १०० ला ४० मीटर धरू. चतुर दीड मीटरवर असेल तर एफ/११ साठी दीड गुणिले ११, म्हणजे साडेसोळा इतकाच नंबर लागतो. त्यासाठी साधारण १/६ ताकद पुरते. पण ही झाली उन्हाच्या बरोबरीची. सावली भरायला दीड स्टॉप कमी, म्हणजे १/१६. पुढे डिफ्यूझर लावलात तर तो स्टॉपभर उजेड खातो, मग १/८. डिफ्यूझर लावाच, नाहीतर पंखांवर पांढरे डाग चमकतात.

एफ/११ ला मागचा पाणकणीस फारच स्पष्ट येत असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी राखाडी काच) लावून एफ/४ वर या. फिल्टर फ्लॅशचा उजेडही तेवढाच कापतो, पण उघडलेले अ‍ॅपर्चर तो भरून काढते. फ्लॅशच्या ताकदीला हात लावावा लागत नाही. हाय-स्पीड सिंकचा (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवण्याचा) पर्याय आहे, मात्र त्यात फ्लॅशची ताकद फार घटते, आणि तुमच्या साध्या ट्रिगरवर तो चालेल असे गृहीत धरू नका.

प्रश्न : सफारीत झाडाखालच्या प्राण्यांच्या तोंडावर अंधार येतो. छोटा फ्लॅश नेला तर?
— एक वाचक, मूल (चंद्रपूर)

उत्तर : व्याघ्र प्रकल्पात फ्लॅशला परवानगी नाही, आणि बाहेरही घुबडावर, रातव्यावर किंवा घरट्यावर तो मारू नये. फोटो रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढा. आयएसओ ४०० पर्यंत सावली नंतर संगणकावर दोन स्टॉप उचलता (उजळता) येते. ३२०० ला तेवढीच उचलली तर नॉइज (दाणेदारपणा) उसळतो. शक्य असेल तर प्राणी फिकट मुरमाच्या रस्त्यावर येईपर्यंत थांबा. ऊन रस्त्यावरून उसळून पोटाखाली आणि हनुवटीखाली पोहोचते. इतका मऊ फिल लाइट (सावली भरणारा उजेड) विकत मिळत नाही.

प्रश्न : संध्याकाळी फ्लॅश वापरला की फूल निळसर आणि मागचे गवत पिवळे दिसते.
— एक वाचक, आर्वी (वर्धा)

उत्तर : फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा (उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा लहान तितका तो पिवळसर), मावळतीचे ऊन त्याहून बरेच उबदार. फ्लॅशच्या तोंडावर अर्धा सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारा पारदर्शक रंगीत पापुद्रा) चिकटवा, तो ५५०० चे सुमारे ३८०० करतो. सूर्य अजून वर असेल तर पाव पुरे. पूर्ण सीटीओ लावू नका, पाने तांबूस होतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा जुळवणी) ऑटोवर न ठेवता डेलाइटवर ठेवा, नाहीतर कॅमेरा जेलचा परिणाम स्वतःच पुसून टाकेल. अर्धा जेल साधारण अर्धा स्टॉप उजेड खातो; ताकद तेवढी वाढवा.